गाडी खाली आहे

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नगरपालिका कचेरीत करुणा धोटेची ओळख करून द्यायची एक ठरलेली रीत होती. बदलीवर नवा माणूस आला की जुन्यांपैकी कुणीतरी म्हणायचंच, "ह्या करुणाबाई. ह्यायले अनुकंपा भेटली." मग सगळे हसायचे. नोकरीत असताना नवरा गेला तर त्याच्या जागी बायकोला घेतात, त्याला सरकारी भाषेत अनुकंपा म्हणतात. आणि हिचं नाव आईबापांनी करुणा ठेवलेलं. एवढ्याशा भांडवलावर एक आख्खी कचेरी अकरा वर्षं हसत होती. पहिली दोन वर्षं करुणाही ओशाळून हसली. तिसऱ्या वर्षी तिनं विचारलं, "दुसरा नाही का कोनाजवळ?" तेव्हापासून ती खडूस ठरली.

नवरा गौतम दमकलवर ड्रायव्हर होता. तिकडे आगीच्या बंबाला दमकल म्हणतात, लाल गाडीलाही आणि ती चालवणाऱ्या खात्यालाही. गौतम आगीत गेला असता तर निदान कचेरीत फोटो लागला असता. तो गेला काविळीनं, एकेचाळिसाव्या वर्षी. करुणा सौंसरच्याच कॉलेजातून बी.ए. झालेली, अक्षर चांगलं, आवाज खणखणीत. तिला फोनवर बसवलं. काम सोपं आहे म्हणाले: फोन आला की पत्ता लिहायचा, ड्रायव्हरला हाक मारायची, वहीत वेळ टाकायची. तिनं तेच केलं. फक्त करताना ती विचारही करायची, आणि कचेरीत विचार करणारं माणूस म्हणजे भातातला खडा.

पांढुर्णा जिल्हा झाला, त्यानंतर वर्षभरात 'साझा दमकल कक्ष' नावाचं एक नवं प्रकरण निघालं. पांढुर्ण्याच्या दोन गाड्या, सौंसरची एक आणि पंप बसवलेला मोहगावचा जुना टँकर, अशा चार गाड्या एका साहेबाच्या हाताखाली आल्या. रवींद्र साहेब पांढुर्ण्याला बसायचे. माणूस हुशार, बोलायला गोड. ज्याचा फोन शेवटी आला त्याचं काम ते सगळ्यात आधी करायचे, आणि सौंसरहून मोठ्या माणसांचे फोन त्यांना कमी जायचे.

त्यामुळे व्हायचं काय, पांढुर्ण्यात धूर दिसला की सौंसरची गाडी बोलावली जायची. कधी खऱ्या आगीला, कधी नुसती बाजूला उभी राहायला. गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेक करायच्या जत्रेच्या, दिवशी तर ती बंदोबस्तात जायचीच. अशाच एका गोटमारीला गाडी तिकडे नदीकाठी उभी असताना इकडे सौंसरात संत्र्याच्या खोक्यांचं गोदाम पेटलं. मालकाचा फोन करुणानं उचलला. पाठवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. "गाडी येऊन राहिली," ती म्हणाली. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "येऊन राहिली, भाऊ." चाळीस मिनिटांत तिनं हे सात वेळा म्हटलं. आठव्यांदा फोन आला तेव्हा मालक काही बोललाच नाही, नुसता पत्रे कोसळल्याचा आवाज ऐकवला. माणूस कुणी दगावलं नाही, म्हणून कचेरीनं ते प्रकरण दोन दिवसांत पचवलं. करुणाला ते पचलं नाही. आगीपेक्षाही तिला राग आला होता तो आपल्या तोंडून सात वेळा निघालेल्या खोट्याचा.

त्याच हिवाळ्यात तिला दोन दिवसांच्या शिबिराला नागपूरला पाठवलं. कारण जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. भाषणं झाली, पिशव्या वाटल्या, गटाचा फोटो निघाला. तिच्या लक्षात राहिल्या त्या नियंत्रण कक्षातल्या नलिनी मॅडम. निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातल्या एका बाजारात मोठी आग लागली. चार गाड्या तिकडे सुटल्या. करुणाला वाटलं, आता ह्या पाचवी सोडतील. मॅडमनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, लांबच्या दोन केंद्रांवरच्या गाड्या उठवल्या आणि जी केंद्रं ओस पडली होती तिथं नेऊन उभ्या केल्या.

"तिथं तर आग नाही," करुणा म्हणाली.

"नाहीच. लागली तर?" मॅडमनी चहाचा घोट घेतला. "आगीकडे सगळं गाव पाहतं, बाई. आपण आगीकडे पाठ करून बसायचं. आपल्याला उरलेलं गाव सांभाळायचं असतं."

एवढी साधी गोष्ट. घरातला एक माणूस दवाखान्यात गेला की दुसऱ्यानं चुलीपाशी बसावं, हे कोणत्याही बाईला शिकवावं लागत नाही. सौंसरची गाडी पांढुर्ण्याला गेली तर मोहगावच्या टँकरनं सौंसरला येऊन उभं राहावं. मोहगाव लहान; तिकडे काही झालंच तर सौंसरहून उलट जाता येतं. करुणानं हे नीट कागदावर मांडलं, नकाशा काढला आणि पांढुर्ण्याला पाठवलं. तीनदा पाठवलं. तीनदा पोच आली. चौथ्या वेळी ती बैठकीत उभी राहिली.

"करुणाबाई," रवींद्र साहेब म्हणाले, "चांगली चालती गाडी नेऊन रिकाम्या शेडमधी उभी कराची? डिझेल जाळून? अन् वाट कोनाची पाहाची, आगीची?"

"हो."

"आग का सोयरी आहे का वो, का तिच्यासाठी अंगनात उभं राहाचं?" हे विनोदनं विचारलं. सौंसरची गाडी हाच चालवायचा, गौतमच्याच हाताखाली शिकलेला. खोलीभर हशा पिकला.

"सोयरे उशिरा येतात, विनोदभाऊ. आग टायमावर येते. उशीर आपन करतो."

हशा थांबला. साहेबांनी पेन टेबलावर आपटत थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. बाई सोडणार नाही, हे त्यांना कळलं असावं. "बरं. पुढची मोठी आग लागली का तुमच्या मनासारखं करू. एक डाव. जमलं तं कायमचा लेखी आदेश काढतो. नाही जमलं तं हे पुरान बंद. मंजूर?"

"मंजूर."

बाहेर आल्यावर विनोद म्हणाला, "वहिनी, कायले डोकं लावता? आपली काय जहागीर आहे?" अकरा वर्षांत पहिल्यांदा ह्या नोकरीतली एक गोष्ट तिची स्वतःची झाली होती. आता ती फक्त एकदा, एकच दिवस, बिनचूक व्हायला हवी होती. ज्याला एकच संधी मिळते त्याला चुकायची मुभा नसते, आणि ही अट साहेबाला नसते. असो.

तो दिवस फेब्रुवारीत आला. गुरुवार होता. अकराला दहा कमी असताना पांढुर्ण्याहून साहेबांचा फोन आला. तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला आग लागली होती आणि ती गाठींच्या थप्पीपर्यंत पोचली होती. कापसाची आग म्हणजे कपटी. वरून विझते, आत धुमसत राहते; गाठ फोडावी तर पोटात निखारा लाल बसलेला. दोन गाड्या पुरणार नाहीत हे उघड होतं.

"सौंसरची गाडी सोडा, करुणाबाई!"

"सोडते, साहेब. पन मोहगावले बोलावून राहिली मी. ठरलं होतं आपलं."

"बोलवा, बोलवा. करून घ्या तुमचं ते." मागे आरडाओरडा चालला होता.

विनोद गाडी घेऊन निघाला. घंटेचा आवाज बसस्टँडच्या पलीकडे जाईपर्यंत करुणानं मोहगावला फोन लावलाही होता. तिकडे टँकरवर हेमराज. एकोणसाठ वर्षांचा, कमी बोलणारा, शब्दाला शब्द न वाढवणारा.

"हेमराजभाऊ, सौंसरहून करुणा बोलते. गाडी कशी आहे?"

"खाली आहे, बाई."

"मंग निंगा लवकर. सौंसरले येऊन उभे राहा."

"तिकडंच येऊ?"

"हो, इकडंच. लवकर."

"बरं."

साडेअकराला मोहगावचा टँकर आवारात शिरला. खिडकीतून तिला त्याचं लाल नाक शेडमध्ये आत जाताना दिसलं. करुणा खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिथं ती एकटीच होती म्हणून बरं. नाही तर तिचा तो चेहरा पाहून कचेरीला पुढची अकरा वर्षं पुरेल असा विनोद मिळाला असता. तिनं साहेबांना मोबाइलवर लिहिलं, 'सौंसरची जागा भरली. ११.३०.' साहेबांचा अंगठा आला. नुसता अंगठा, पण तोही तिनं दोनदा पाहिला. मग पांढुर्ण्याहून फोनवर फोन येऊ लागले, कुणाला जेसीबी हवा, कुणाला डिझेल, आणि ती त्यात बुडाली.

अकरा पन्नासला सौंसरातूनच फोन आला. म्हाताऱ्या बाईचा घाबरलेला आवाज. "वत्सला बोलते, शाळेच्या मागच्या गल्लीतून. वत्सला पराडकर. इन्व्हर्टर फुटला बाई, समोरची खोली पेटली. आमचे हे मागं पलंगावर आहेत, ह्यायले चालता येत नाही..."

करुणाचा हात वहीवर होता तिथंच थांबला. पण ती घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. हे तिनं पुढे कुणाजवळ कबूल केलं नाही, पण वाटलं हे खरं. ह्याच फोनसाठी तर ती दोन वर्षं सगळ्यांशी भांडली होती.

"काकू, घाबरू नका," ती म्हणाली, आणि ह्या खेपेला खोटं बोलायची गरज नव्हती. "गाडी अंगनातच उभी आहे. पाच मिनिटांत येते."

ती धावत शेडमध्ये गेली. टँकरवर कुणीच नव्हतं. हेमराज पाण्याच्या टाकीकडून चालत येत होता, मागे किल्ल्यांचा जुडगा घेतलेला टाकीवाला.

"भाऊ, चला चला! शाळेमागं, घर पेटलं!"

हेमराज जागीच थांबला. "अन् पानी?"

"पानी काय?"

"पानी भराचं आहे नं. त्यासाठीच तं ह्याले शोधून आणला. जेवाले गेला होता."

"गाडीत पानी नाही?"

"सांगतलं नं बाई तुमाले," हेमराजचा आवाज पहिल्यांदाच चढला. "खाली आहे म्हनून!"

पुण्यामुंबईकडच्या माणसाला खाली म्हणजे जमिनीकडे, एवढंच ठाऊक. पांढुर्णा-सौंसरात मराठी आणि हिंदी एकाच ताटात जेवतात, आणि हा शब्द दोघींचा उष्टा. जिना उतरून या म्हणजे खाली या. दुपारी काम नसेल तर माणूस खाली असतो. डबा संपला तर डबाही खाली असतो. रोज शंभर वेळा हा शब्द ह्या तोंडून त्या कानात जातो आणि कुणाचं काही अडत नाही, कारण डब्याबद्दल बोलतोय की माणसाबद्दल, ते समोर दिसत असतं. करुणानं गाडी कशी आहे विचारलं तेव्हा तिच्या मनात होतं, मोकळी आहे ना, कुठं गुंतलेली नाही ना. हेमराजनं टाकीचं उत्तर दिलं. तिनं गाडीचं ऐकलं. तिकडंच येऊ का, हे त्यानं विचारलं ते भरायला तिकडंच येऊ का म्हणून. मोहगावपेक्षा सौंसरची टाकी मोठी, पाणी जोरात येतं.

टँकर भरायला बारा मिनिटं लागली. करुणा पूर्ण वेळ नळाच्या तोंडाशी उभी होती, जणू तिच्या उभं राहण्यानं धार मोठी होणार होती. वत्सलाबाईंचा फोन आत वाजत होता. तिला तो ऐकू येत होता. टाकीवाला म्हणाला, "बाई, फोन." ती जागची हलली नाही. काय सांगणार होती?

बारा वाजून चौदा मिनिटांनी हेमराज गल्लीत पोचला. समोरची खोली संपली होती, मधली जळत होती. शेजाऱ्यांनी शेवटी मागच्या खिडकीचे गज उखडून म्हाताऱ्याला काढलं होतं. भाऊराव पराडकर, कापूस मंडीत तीस वर्षं मापारी होते. पाच वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलेलं. अंगाला चटकाही नव्हता. धूर मात्र छातीत भरला होता. नवव्या दिवशी ते गेले.

आणि सौंसरची गाडी? पांढुर्ण्यात जिनिंगच्या फाटकात ट्रक अडकले होते. विनोद पावणेचारपर्यंत रस्त्यावर उभा होता, त्याच्या नळीतून थेंब निघाला नाही. "उभाच होतो, वहिनी," तो संध्याकाळी म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे पाहून पुढचं गिळलं.

चौकशी लागली. गावात एक माणूस मेला की चौकशी लागतेच. ती कशासाठी असते हे चौकशी संपल्यावर कळतं. पांढुर्ण्याला साहेबांच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. बाहेरून आलेला एक अधिकारी, एक बाबू, रवींद्र साहेब आणि करुणा. कक्षातले सगळे फोन रेकॉर्ड होत. बाबूनं ते लावलं. 'गाडी कशी आहे?' 'खाली आहे, बाई.' 'मंग निंगा लवकर.' पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना करुणालाही ते वेडेपणाचंच वाटू लागलं.

"मॅडम, चालक ने साफ बताया कि वाहन खाली है," अधिकारी म्हणाला. "फिर भी आपने बुलाया। और लिखा क्या? 'जागा भरली'।"

"साहेब, आमच्या बोलीत खाली म्हनजे मोकळी बी होते. हिंदीत बी होते. तुमी नाही का म्हनत, मैं खाली हूँ?"

बाबूला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. "बोली फाइल में नहीं चलती, मॅडम।"

"ठीक. मंग हे लिहा," करुणा म्हणाली. तिचा आवाज खणखणीतच होता. "चूक माही आहे. पानी किती, हे दोन शब्द मी इचारले नाहीत. इचाराले पाहिजे होते. लिहिलं? आता पुढचं लिहा. सकाळी अकरा वाजता दमकलचा टँकर कोरडा काहून होता? पहाटेपासून तो मैदानावर धूळ दाबाले पानी शिंपडत होता. हेलिकॉप्टर उतरनार होतं. कोनाच्या हुकमानं गेला होता, ते लिहा."

रवींद्र साहेब खिडकीबाहेर पाहत होते. अधिकाऱ्यानं विचारलं, "आदेश की प्रति है?"

आदेश साहेबांकडून मोबाइलवर आला होता, हेमराजच्या. करुणानं तो हेमराजच्या हातात पाहिला होता, त्याच संध्याकाळी, शेडमध्ये. चौकशीच्या दिवशी तिथं एक राखाडी ओळ उरली होती: हा संदेश हटवला गेला आहे. हेमराजला आत बोलावलं. "टँकर किसके कहने पर गया था?" अधिकाऱ्यानं विचारलं. हेमराज म्हणाला, "नेहमीसारखा गेला होता." निवृत्तीला त्याचे अकरा महिने उरले होते.

तो नंतर तिला बसस्टँडवर भेटला. सौंसरच्या बसला वेळ होता. "बाई, मी दाखवला असता. पन मेसेजच नाही राह्यला नं."

"मेसेज गेला, हेमराजभाऊ. तुमच्या तोंडातली जीभ तं होती."

तो खालमानेनं उभा राहिला. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. बस आली तेव्हा ती मागे न पाहता चढली. खिडकीपाशी बसून तिनं स्वतःशी हिशेब केला, आणि त्यात हेमराज नव्हता, साहेबही नव्हते. गौतम गाडीला हात लावायच्या आधी पाणी विचारायचा. सवयच होती त्याची. तिलाही ठाऊक होतं. त्या दिवशी ती विसरली कारण ती आगीसाठी पळत नव्हती. ती साहेबाला दाखवायला पळत होती. चाळीस मिनिटांत जागा भरून दाखवते म्हणून. नागपूरच्या मॅडमनी आगीकडे पाठ करायला सांगितली होती. साहेबाकडेही करावी लागते, हे सांगायचं राहिलं.

अहवाल आला. पहिलं वाक्य तिचंच होतं: 'संबंधित कर्मचारी ने त्रुटि स्वीकार की।' दुसरं वाक्य नव्हतं. त्यामागून परिपत्रक निघालं, दोन कलमांचं. एक, ह्यापुढे वाहनासंबंधी 'खाली' हा शब्द वापरू नये. 'उपलब्ध' किंवा 'अनुपलब्ध' म्हणावं. दोन, कोणतंही वाहन आपलं केंद्र सोडून दुसऱ्या केंद्रावर उभं करण्यात येऊ नये. आगीवर बोलावलं तर जावं. म्हणजे सौंसरची गाडी पूर्वीसारखीच पांढुर्ण्याला जाणार, फक्त तिच्या जागी कुणी येणार नाही, हे आता लेखी झालं. करुणानं दोन वर्षं लेखी आदेश मागितला होता. मिळाला.

तिची उचलबांगडी झाली जन्म-मृत्यूच्या खिडकीवर. त्याच आवारात, शेडच्या समोर. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी खिडकीशी एक बाई आली. पांढरी, फिकट निळ्या काठाची साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मयताचा दाखला हवा होता. करुणानं नाव विचारलं.

"भाऊराव पराडकर."

करुणानं वही उघडली. उगाच पानं उलटली, पान तिला पाठ होतं. "तुमी त्यायच्या..."

बाईनं मान वर केली. "तूच नं ती? फोनवरची."

"हो, काकू."

वत्सलाबाई ओरडल्या नाहीत. रांगेत मागे दोन माणसं होती, त्यांना ऐकूही गेलं नसतं. "मले लोकायनं सांगतलं. टाकीत पानी नव्हतं, शब्दाची गडबड झाली, साहेबानं गाडी पाठवली होती म्हने कुठी. ते सगळं राहू दे. मले एकच सांग. तू पाच मिनिटं काहून म्हनली?"

करुणानं उघडलेली वही मिटली.

"शेजारचा अक्षय पहार घेऊन आला होता. मागचे गज तोडतो म्हने. मीच नाही म्हनलं. म्हनलं, गाडी अंगनात उभी आहे, पाच मिनिटांत येते, कायले खिडकी तोडता. आम्ही उभे राह्यलो. वीस मिनिटं आम्ही तुह्या गाडीची वाट पाहत उभे राह्यलो, बाई. तू येत नाही म्हनली असती नं, तं ते तेव्हाच निंगाले असते."

हे कोणत्याच फाइलीत नव्हतं. चौकशीत कुणी विचारलं नव्हतं, करुणाला कुणी सांगितलं नव्हतं. गोदामवाल्याला ती सात वेळा खोटं बोलली, त्यात खोकी जळली. इथं ती एकदाच, खरं समजून बोलली होती.

"मले वाटलं होतं, गाडी आहे," ती म्हणाली.

"आता असते का?"

"विनोदभाऊची असते. पांढुर्ण्यात काही झालं का ते तिकडं जातात."

"मंग इथं कोन असते?"

"कोनीच नाही."

वत्सलाबाईंनी दाखला घेतला, नाव बरोबर आहे का पाहिलं, घडी करून पिशवीत ठेवला. "मंग तसंच सांगत जा. लोक आपलं आपन पाहून घेतील."

"मी आता फोनवर नाही, काकू."

"जे आहे त्याले सांग."

दुपारी खिडकी बंद करून करुणा आवार ओलांडून समोर गेली. फोनवर आता मानसी बसायची, चोवीस वर्षांची, ठेकेदाराकडून आलेली. करार सहा महिन्यांचा. टेबलाच्या काचेखाली परिपत्रक लावलेलं होतं. शेड उघडी आणि ओस. पांढुर्ण्यात कुठंतरी ट्रान्सफॉर्मर जळाला होता, विनोद सकाळीच गेला होता.

"मानसी, लक्ष देऊन ऐक. गाडी बाहेर असली अन् कोनाचा फोन आला, तं येऊन राहिली म्हनाचं नाही. पाच मिनिटं म्हनाचं नाही. सरळ सांगाचं, गाडी नाही. खिडकी तोडा, भिंत फोडा, मानसं काढा, आमची वाट पाहू नका. समजलं?"

मानसीनं काचेखालच्या कागदाकडे पाहिलं, मग करुणाकडे. "पन ताई, असं सांगाले परवानगी आहे का?"

"नाही."

मानसीनं मान हलवली. पेन तिच्या हातातच होतं, पण तिनं काही लिहून घेतलं नाही.